डाव कुणासाठी थांबतो

ऑनलाइन पोकरच्या बहुतेक साइटींच्या अटींमध्ये एक कलम असायचं. कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर चालू डाव रद्द, ज्याचे पैसे त्याला परत. खेळणाऱ्याचं नेट गेलं तर मात्र डाव पुढे चालू. ठरलेल्या सेकंदांत तो काही बोलला नाही, तर त्यानं पानं टाकली असं समजायचं. म्हणजे त्यांची लाइट गेली तर डाव मोडला, आपली गेली तर आपला हात गेला.

हे कलम मी शब्दन् शब्द वाचलं ते असाच एक हात गेल्यावर. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशांवर खेळायचे सगळेच ऑनलाइन खेळ कायद्यानं बंद केले. २० तारखेला विधेयक लोकसभेत मंजूर झालं, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. पोकरची टेबलं उठली. कलमातला प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो पोकरपुरता नाही असं मला दिवसेंदिवस जास्त वाटू लागलं आहे.

मी जळगावात राहतो. मूळ गाव अमळनेर तालुक्यातलं, निम्मे नातेवाईक धुळ्यात. लाइट जाण्याचे जेवढे प्रकार आहेत तेवढे आम्हा खानदेशी माणसांना तोंडपाठ आहेत. भुसावळशेजारी दीपनगरला अख्ख्या राज्यासाठी वीज तयार होते, पण उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की आमच्या गल्लीतली डीपी आधी गुरगुरते आणि मग उडते. मे-जूनमध्ये वादळ सुटतं. रावेर-यावलकडं केळीच्या बागा आडव्या होतात, त्याच वाऱ्यात विजेचे खांब वाकतात, आणि त्याच खांबांना लोंबकळत नेलेली ब्रॉडबँडची केबलही तुटते. मग सगळी गल्ली एकदम मोबाइलच्या डेटावर येते. एका टॉवरवर एकाच मिनिटात एवढी माणसं आली की पुरी रेंज दिसते आणि काहीच उघडत नाही. वीज जास्त वेळ गेली तर टॉवरची बॅटरीही उतरते, मग रेंजच्या त्या दांड्याही जातात. यात कुणाचा आळस नाही, कुणाची लबाडी नाही. आमच्याकडचा उन्हाळा असा असतो.

पोकर मी इंजिनिअरिंगला असताना शिकलो, होस्टेलवर, काडेपेटीच्या काड्या लावून. तीन पत्ती तर जन्मापासून पाहिलेली. तिच्यात तीन पानं हातात येतात, आणि पुढचं सगळं छातीचं काम. पोकरच्या टेक्सास होल्डम प्रकारात दोनच पानं आपली असतात. मध्ये सगळ्यांच्या सामाईक पाच पानांपैकी आधी तीन उघडतात, मग एक, मग शेवटचं एक. दरवेळी बोली. जे पान सगळ्यांना दिसतंय त्यावरून समोरच्याच्या हातातलं न दिसणारं पान ताडायचं, किती पानं आपल्या उपयोगाची उरली आहेत ते मनात मोजायचं, समोरचा मगाशी किती वेळ थांबला होता ते आठवायचं. गणित आणि माणूस एकाच वेळी वाचायला लावणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. आम्ही मित्र नोकरीधंद्याला लागलो, कुणी पुण्याला, कुणी सुरतेला, कुणी धुळ्यातच देवपुरात. पण रात्री जेवणं उरकली की एका टेबलावर भेटायचो. ते टेबल मोबाइलमध्ये होतं एवढंच.

या खेळात बोलायची पाळी चारदा येते, म्हणजे एका हातात चार वेळा वेळेच्या आत उत्तर द्यावं लागतं. वेळ साधारण पंधरा ते तीस सेकंद. वर थोडी राखीव शिल्लक, तिला टाइम बँक म्हणायचे. आपल्या नावाभोवती हिरवी कड फिरत असते, ती पिवळी होते, मग लाल. लाल संपली की संपलं.

त्या रात्री माझ्या हातात दोन अठ्ठ्या होत्या. मध्ये पहिली तीन पानं उघडली ती इस्पिकची अठ्ठी, बदामचा राजा आणि चौकटचा राजा. तीन अठ्ठ्या, दोन राजे, म्हणजे फुल हाउस. असा हात बांधून येणं ही आठवड्यातून एखाद्या वेळची गोष्ट. मी शांत राहिलो. समोरच्यानं बोली लावली, मी नुसती बरोबरी केली. चौथं पान किलवरची दुरी, कुणाच्याच कामाची नाही. त्यानं पुन्हा बोली लावली, या वेळी मी वाढवली, तो आला. पाचवं पान बदामची नव्वी. आणि त्यानं समोरचे सगळे पैसे मध्ये ढकलले. ऑल-इन. त्याच्या हातात एक राजा असणार आणि तिसऱ्या राजाच्या भरवशावर तो चालला असणार, असा माझा हिशेब होता. चारही राजे, दोन नव्व्या, किंवा राजासोबत अठ्ठी, दुरी किंवा नव्वी, यांतलं काही त्याच्याकडं नसेल, तर हात माझा. अंगठा ‘कॉल’कडे नेला आणि पंखा थांबला.

पंखा आधी थांबतो. मग राउटरचा हिरवा दिवा जातो. मग शेजारच्या घरातून कुणीतरी ‘गेली’ म्हणतं. या तीन गोष्टींना मिळून एखादा सेकंद लागतो. पडद्यावर पानं तशीच दिसत होती, तीन अठ्ठ्या, दोन राजे, दुरी, नव्वी, आणि त्यांच्यावर एक चक्र फिरत होतं. मी डेटा चालू केला. चक्र फिरतच राहिलं. विमान मोड लावून काढला, खिडकीशी गेलो, गच्चीच्या जिन्यात गेलो. जोडणी झाली तेव्हा पुढचा डाव वाटून झाला होता, मधले पैसे समोरच्याकडे गेले होते आणि माझ्या नावाखाली ‘सिटिंग आउट’ अशी पाटी होती. मी टेबलावरून उठलो आहे, असं त्या टेबलाचं म्हणणं होतं. समोरच्याच्या हातात काय होतं ते मला कधीच कळलं नाही. पानं टाकणाऱ्याला जिंकणाऱ्याची पानं दाखवत नाहीत, हा पोकरचा जुना आणि रास्त नियम. पण मी पानं टाकलीच नव्हती.

रक्कम म्हणाल तर चार माणसांच्या एका जेवणाची. ती गेल्यानं कुणाचं घर बुडालं नाही. मला लागलं ते वेगळंच. मी जे केलं नाही ते माझ्या नावावर लिहिलं गेलं. त्या हाताच्या नोंदीत आजही असंच असणार की अमुक खेळाडूनं फुल हाउस असताना पानं टाकली.

हाताचा नंबर देऊन तक्रार केली. चॅटवरचं माणूस नम्र होतं, माणूस असेल तर. गैरसोयीबद्दल दिलगिरी, आमच्या सर्व्हरच्या नोंदीनुसार जोडणी तुमच्या बाजूनं खंडित झाली, टेबल सुरळीत होतं, आणखी काही मदत करू का. मी ती नोंद मागितली. जोडणी कुठल्या सेकंदाला तुटली, त्या मिनिटाला आणखी किती जण तुटले, एवढंच मला बघायचं होतं. अंतर्गत माहिती देता येत नाही, असं उत्तर आलं. पुन्हा लिहिलं तर तोच मजकूर, तीच दिलगिरी. पुरावा त्यांच्या ताब्यात, निकाल त्यांचा, आणि निकालाविरुद्ध दाद मागायची तीही त्यांच्याचकडं.

लहानपणी आखाजीला पाहिलेले डाव मला तेव्हा फार आठवले. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात दिवाळीच्या तोडीची. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात, पितरांच्या नावानं घागर भरली जाते. सालदाराचं वर्ष त्या दिवशी संपतं आणि नवा सौदा ठरतो. घरात खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. आणि पुरुष माणसं पत्त्यांना बसतात. वर्षभर पत्त्याला हात न लावणारा माणूसही त्या दिवशी बसतो, आणि घरातल्या बायका त्या दिवसापुरतं काही बोलत नाहीत. आमच्या मामांच्या ओट्यावर दोन-तीन डाव मांडलेले असायचे. एका कोपऱ्यात रमी, दुसऱ्या कोपऱ्यात तीन पत्ती, आणि गोठ्याच्या मागे, पोरांना जिथं फिरकू देत नसत तिथं, झन्नामन्ना.

त्या डावांची मला भलामण करायची नाही. तिथं भांडणं व्हायची, पैसे हरून लोक बैलांच्या दावणीशी बसून राहायचे, आणि कधीमधी पोलिसांची धाड पडायची. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आमच्या गावात कुणी वाचला नव्हता, पण ठाऊक सगळ्यांना होता. तरी एक गोष्ट तिथं पक्की होती. संध्याकाळी लाइट गेली की मोठे मामा म्हणायचे, ‘पत्ता पालथा ठेवा रे भो, लाइट येवू द्या.’ सगळे आपापली पानं पालथी घालून वर तळहात ठेवायचे. कुणीतरी कंदील आणायला आत जायचं. तो येईपर्यंत बोली नाही, पान नाही, मधल्या पैशाला हात नाही. एखाद्याला घरून बोलावणं आलं, गाय व्यायला झाली, तर तो पानं शेजाऱ्याच्या गुडघ्याखाली सरकवून जायचा आणि डाव त्याच्यासाठी थांबायचा, किंवा सगळ्यांच्या संमतीनं मोडायचा. वाद झालाच तर मामा म्हणतील ते. पानं हातात धरून विचार करत बसलेला माणूस, कंटाळून उठून गेलेला माणूस आणि अंधारात सापडलेला माणूस, हे तिघं मामांना वेगवेगळे दिसत होते. सर्व्हरला तिघं सारखेच. तिकडून काही आलं नाही, एवढंच त्याला समजतं.

आता यावर कंपन्यांचंही एक म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. ऑनलाइन पोकरच्या सुरुवातीच्या काळात बऱ्याच साइटींवर जोडणी तुटलेल्याला संरक्षण होतं. ज्याचं नेट गेलं, त्यानं तोवर जेवढे पैसे मध्ये टाकले तेवढ्यापुरता तो ऑल-इन आहे असं धरायचे. बाकीचे आपसात पुढची बोली वेगळ्या ढिगात लावायचे, आणि शेवटी पानं उघडली की तुटलेल्याचा हात मोठा असला तर पहिला ढीग त्याचा. मला हा नियम फार शहाणा वाटतो. मोठ्या मामांनी केला असता असा. पण लोकांनी त्याचं वाटोळं केलं. हात मध्यम आहे, समोरून मोठी बोली आली, पैसे घालायची छाती नाही आणि पानं टाकवत नाहीत, अशा वेळी काही जण सरळ वायर उपटायचे. फुकटात शेवटपर्यंत बसायला मिळायचं. वायर उपटली की तुटली हे सर्व्हरला ओळखता येईना, तेव्हा साइटींनी एकामागून एक ते संरक्षण काढून टाकलं. चोरांनी वायर उपटली आणि फाशी आम्हा संन्याशांना झाली.

पण ओळखता येत नाही हे म्हणणं आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. अॅप दर काही सेकंदांनी सर्व्हरला ‘मी आहे’ असं कळवत असतं. ते कळवणं कधी थांबलं, त्याच मिनिटाला त्याच शहरातले, त्याच केबलवाल्याचे आणखी किती जण थांबले, हा खेळाडू याआधी मोठ्या बोलीच्या वेळीच नेमका तुटत आला आहे का, हे सगळं नोंदीत असतं. जळगावच्या एका भागातले दहा जण एकदम गेले तर ती लबाडी नव्हे, डीपी उडाली आहे. हे ताडायला फार मोठी बुद्धी लागत नाही. दुसऱ्याची न दिसणारी पानं ताडणाऱ्या खेळाची ही दुकानं. ज्या कंपनीला मी दिवसातून किती वाजता खेळायला बसायचो आणि कुठल्या बोनसला भुलायचो हे माहीत होतं, तिला माझ्या गल्लीत अंधार झाला हे कळलं नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

नोंद खेळाडूच्या हातात असण्यानं काय होतं, याचे दाखले पोकरच्याच इतिहासात आहेत. पैशांवरचा ऑनलाइन पोकर सुरू झाला १९९८ मध्ये, प्लॅनेट पोकर या साइटीवर. तिथली पानं पिसायची रीत किती निर्दोष आहे हे लोकांना पटावं म्हणून तिचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी पिसण्याची आज्ञावली उघड प्रसिद्ध केली. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या रिलायबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या संगणक-सुरक्षेच्या जाणकारांनी ती वाचली आणि चक्रावले. बावन्न पानं जितक्या तऱ्हांनी लागू शकतात तो आकडा आठावर सदुसष्ट शून्यांएवढा. या आज्ञावलीला त्यातल्या जास्तीत जास्त ४२९ कोटी तऱ्हाच जमत होत्या. आणि पिसण्याची सुरुवात ती मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले यावरून करत होती, म्हणजे दिवसाभरात शक्यता उरल्या ८ कोटी ६४ लाख. आपलं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं की त्या सुमारे दोन लाखांवर आल्या. आपल्या हातातली दोन आणि मध्ये उघडलेली तीन अशी पाच पानं दिली की त्यांचा प्रोग्राम बाकीची सगळी पानं सांगायचा, कुणाच्या हातात काय आणि पुढे काय उघडणार तेही. दोष उघड झाला म्हणून दुरुस्त झाला. आज्ञावली कपाटात राहिली असती तर तो कुणाच्या तरी खिशात गेला असता.

२००७ मध्ये अॅब्सोल्यूट पोकर या साइटीवर त्याहून वाईट घडलं. एका स्पर्धेत हरलेल्या खेळाडूला संशय आला, त्यानं आपल्या हातांची नोंद मागितली, आणि कंपनीकडून त्याला चुकून सगळ्यांच्याच पानांची फाइल गेली. खेळाडूंनी ती रात्र-रात्र बसून चाळली. एक खातं असं खेळत होतं की समोरच्यांची पालथी पानं त्याला दिसत असल्याशिवाय तसं खेळणं शक्यच नव्हतं. आतल्याच माणसाला ती दिसत होती. कंपनी आधी कानावर हात ठेवत होती, शेवटी तिला कबूल करावं लागलं. माझी तक्रार या दोन प्रकरणांपुढे काहीच नाही. पण मागणी तीच आहे. माझ्या हाताची नोंद मला बघू द्या.

आणखीही बारीक त्रास होते. खानदेशी माणसाचं नाव पॅनवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. कुठं आडनाव आधी, कुठं वडलांचं नाव आख्खं, कुठं त्याचं नुसतं अक्षर, इंग्रजीतलं एखादं ‘ए’ कुठं जास्त. पैसे भरताना हे कुणी विचारत नसे, काढताना मात्र नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडकायचा. नवापूरकडच्या मित्राची तऱ्हा तर वेगळीच. नवापूर १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होतं, आता नंदुरबारमध्ये आहे, आणि तिथल्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात तर दुसरा गुजरातेत. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवलं, त्यानंतर अनेक कंपन्यांनी गुजरातमधून खेळायला मनाई ठेवली. मोबाइलनं टॉवर पलीकडचा धरला की त्याचं खातं ‘तुमच्या राज्यात हा खेळ उपलब्ध नाही’ म्हणायचं. तो आपल्या घराच्या ओसरीत बसलेला असायचा.

अशा तक्रारींवर कायदा काय म्हणत होता? १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेरा पानांच्या रमीत कौशल्याचा भाग मोठा असल्याचं म्हटलं, तीन पानांचे खेळ मात्र नशिबाचे. पोकर या दोहोंच्या मध्ये लटकत राहिला, गुजरातेत जुगार तर नागालँडच्या कायद्यात कौशल्याचा खेळ. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमानं पैजेचा करार मुळातच रद्दबातल, त्याच्या वसुलीला कोर्टात जाता येत नाही. म्हणजे खेळ जुगार ठरला तर दाद नाही, आणि कौशल्याचा ठरला तर ज्या अटींवर आपण न वाचता ‘मान्य’ म्हटलं त्या आडव्या येतात. ग्राहक आयोगाचं दार उघडं होतं, पण तिथं पुरावा लागतो आणि पुरावा सर्व्हरमध्ये. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं नियम केले, त्यांत स्वयंनियामक संस्था होत्या, तक्रारींची व्यवस्था होती. त्या संस्था कधी उभ्याच राहिल्या नाहीत. त्याच एप्रिलपासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर कापायचा नवा नियम मात्र लागू झाला, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या प्रत्येक रुपयावर २८ टक्के जीएसटीही. कर घ्यायच्या वेळी सरकारला टेबल दिसत होतं, तक्रार ऐकायच्या वेळी दिसत नव्हतं. हे मला आजही टोचतं.

बंदीची कारणं मला मान्य आहेत. या अॅपांच्या नादानं शेतं गहाण पडली, पोरं कर्जात बुडाली, आणि ते आमच्या भोवतीही घडलं. एका माणसाला अंगठ्याच्या जोरावर रात्रभरात सगळं गमावता येईल अशी सोय कुणी करून देऊ नये. पण बंदीच्या सगळ्या चर्चेत खेळणारा होता तो व्यसनी म्हणून, बळी म्हणून. त्याला टेबलावर काही हक्क आहेत, त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावण्याआधी कुणीतरी थांबलं पाहिजे, हे कुणी बोललं नाही. बोलायला हवं होतं, कारण गप्प राहिला म्हणजे पानं टाकली, हा पोकरच्या टेबलावरचा नियम आता सगळीकडं लावला गेला आहे.

रेशन दुकानात ई-पॉस मशीन सर्व्हर डाउन दाखवतं आणि म्हातारी रिकामी पिशवी घेऊन परत जाते. ती आली नव्हती असं होतं. ई-पीक पाहणी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे. शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो घ्यायचा. नाल्याकाठच्या शेतात रेंज नसते, अॅप जागा चुकीची दाखवतं, मुदत संपते. त्यानं नोंद केलीच नाही असं होतं, आणि मग नुकसानभरपाईच्या वेळी उभा कापूस कागदावर नसतो. २०२५ मध्ये लाडक्या बहिणींना ई-केवायसी सांगितली, तेव्हा ओटीपीसाठी बायका रात्री बारानंतर, पहाटे, साइट मोकळी असेल तेव्हा उठून बसत होत्या. बांधावर मोबाइल उंच धरून उभा असलेला माणूस तिथं असतो, उन्हात, घामाघूम. पलीकडून त्याच्या नावापुढं ‘सिटिंग आउट’ची पाटी लागते.

फरक इतकाच की ई-पीक पाहणीला आरडाओरड झाली की मुदतवाढ मिळते. वारंवार मिळाली आहे. वर्तमानपत्रात बातमी येते, आमदार पत्र देतात, तलाठ्यांवर ताण येतो आणि तारीख पुढे जाते. मुदतवाढीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. मला मात्र ती बातमी वाचली की मोठ्या मामांचा तळहात दिसतो, पालथ्या पानांवर ठेवलेला. कुणीतरी कंदील आणायला गेलं आहे आणि तोवर डाव थांबला आहे, एवढाच मुदतवाढीचा अर्थ. ती मिळते तेव्हा शेतकऱ्यावर उपकार होत नाहीत. त्यानं पानं टाकलेली नाहीत हे मान्य केलं जातं. खटकतं ते हे की त्यासाठी दरवेळी आरडाओरड करावी लागते. जो ओरडू शकत नाही, एकटा आहे, ज्याच्या गावाला आमदार वर्षातून एकदा येतात, त्याचा डाव तोवर वाटून झालेला असतो.

२०२५ च्या ज्या कायद्यानं पोकर बंद केला त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली आहे आणि ऑनलाइन खेळांसाठी एक प्राधिकरण नेमायची तरतूद केली आहे. देवपुरातला माझा भाचा बीजीएमआय हा मोबाइलवरचा खेळ खेळतो. चांगला खेळतो, त्याचा संघ आहे, बापाच्या मोबाइलवर सराव करतो आणि सामना असला की शेजाऱ्याच्या वायफायचा पासवर्ड आधीच मागून ठेवतो. पैजेचा पैसा त्यात नाही, व्यसन म्हणावं असंही काही नाही. पण सर्व्हर तोच, घड्याळ तसंच, आणि धुळ्याची लाइट तीच. हे प्राधिकरण नियम करेल तेव्हा तिथं बसलेल्यांना माझं सांगणं आहे की तीन ओळी त्यात घाला. जोडणी तुटली तर खेळाडूला त्याच्या सामन्याची नोंद मागता येईल आणि ती ठरावीक दिवसांत द्यावी लागेल. एका भागातले अनेक जण एकदम तुटले असतील तर त्यांचं गप्प राहणं हार धरलं जाणार नाही. आणि या दोन्ही गोष्टींवर निर्णय देणारा माणूस आयोजकांचा नोकर नसेल. पोरगं पुढच्या महिन्यात पात्रता फेरी खेळतंय, संध्याकाळी सातला, म्हणजे आमच्याकडं डीपीवर सगळ्यात जास्त भार असतो त्या वेळेला.